मालक घोरतो, पाणी शेजाऱ्याला!
(अपुऱ्या झोपेवर हसत-हसत शिकण्याचा एक धडा)



‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपले वाडवडील म्हणत असत. खरी भूक लागलेल्याला कोंड्याची भाकरही गोड लागते आणि खरी झोप आलेल्याला उशाला धोंडाही पुरतो, असा त्याचा अर्थ. आता पुष्कळ घरांत कापसाच्या उशा आल्या, गाद्या आल्या, पंखे आले. पण झोप मात्र कमी झाली. धोंड्यावर डोके ठेवून आजोबा आठ तास घोरत होते, आणि गादीवर पडून नातू रात्री एक वाजता मोबाईलच्या उजेडात तोंड पाहत असतो.

या पानावर आपण खत, बियाणे, जनावरांचे रोग यांविषयी नेहमी वाचतो. बैल दमला तर त्याला सावलीत बांधावे हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण बैल हाकणाऱ्याला विश्रांती हवी, हे सांगायला गेले की उत्तर ठरलेले: “झोपून पोट भरते का?” उपदेश केला की माणूस कान बंद करतो. म्हणून आज आपण दुसरी वाट धरू. झोपेविषयी गावात लावता येतील अशा विनोदी जाहिराती आणि फलक कसे तयार करावेत, आणि प्रत्येक फलकाच्या मागे शास्त्राचे कोणते सत्य उभे आहे, ते पाहू. युवक मंडळ, महिला मंडळ, शाळेतील मुले यांना हा धडा उपयोगी पडेल.

हा केवळ करमणुकीचा विषय नाही. नोव्हेंबर ते मार्च या उसाच्या हंगामात बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतील रस्त्यांवर रात्रभर भरलेल्या ट्रॉल्या चालतात. त्या चालवणारा आपल्याच घरातला असतो, आणि समोरून मोटारसायकलवर येणाराही आपल्याच घरातला असतो. दोघांपैकी एकाचा डोळा लागला तर काय होते, हे कोणत्याही गावाला नव्याने सांगायला नको.

१. हसवून सांगण्याची जुनी रीत

रस्त्याच्या कडेला विनोदी पाट्या लावण्याची रीत नवी नाही. अमेरिकेत दाढीच्या साबणाची एक कंपनी होती. तिच्या मालाचे नाव ‘बर्मा-शेव्ह’. १९२५ साली तिने रस्त्याच्या कडेने एकामागून एक अशा लहान लहान पाट्या लावण्यास सुरुवात केली. एका पाटीवर दोन-तीन शब्द, थोडे पुढे गेले की पुढचे दोन-तीन शब्द, आणि शेवटच्या पाटीवर साबणाचे नाव. सगळ्या पाट्या मिळून एक गमतीदार यमक तयार होई. पुढे या यमकांतून साबणाबरोबर सावकाश गाडी चालवण्याचा सल्लाही दिला जाऊ लागला. १९६३ पर्यंत त्या पाट्या चालू होत्या. लोक त्या मोठ्याने वाचत, पुढची पाटी कधी येते याची वाट पाहत, आणि वाट पाहणारा माणूस जागा राहतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात लांबच लांब, कंटाळवाणे रस्ते आहेत. तेथे चालकाला पेंग येऊ नये म्हणून कोड्यांचे फलक लावलेले आहेत. एका फलकावर प्रश्न असतो, जसे ‘क्वीन्सलँडचे राज्यफूल कोणते?’ आणि उत्तर काही किलोमीटर पुढच्या फलकावर. उत्तर आहे कुकटाउन ऑर्किड. गाडीतील मुले मध्ये वाद घालतात आणि बापाला झोपू देत नाहीत!

आपल्या देशातही सीमा सडक संघटनेने, जी १९६० साली स्थापन झाली, हिमालयातील घाटरस्त्यांवर वेग, दारू आणि घाई यांच्यावर कोट्या करणाऱ्या पाट्या लावल्या आहेत. लडाखला जाऊन आलेला प्रवासी डोंगरांच्या बरोबरीने त्या पाट्यांची आठवण सांगतो. धाक दाखवणारी पाटी माणूस विसरतो. हसवणारी पाटी घरी जाऊन बायकोला सांगतो. हाच विनोदाचा खरा फायदा.

२. जाहिरातीसाठी जागलेला माणूस

विनोद आणि जागरण यांची एक खरी हकीकत येथे सांगितली पाहिजे. १९५९ सालच्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्कमधील पीटर ट्रिप नावाच्या रेडिओ निवेदकाने एका धर्मादाय संस्थेसाठी पैसे गोळा करण्याकरिता, लोकांचे लक्ष वेधावे म्हणून, न झोपण्याचा पण केला. टाइम्स स्क्वेअर या गजबजलेल्या चौकात काचेच्या खोलीत बसून तो रोज आपला कार्यक्रम सादर करीत असे. येणारे-जाणारे काचेला नाक लावून पाहत. डॉक्टर त्याच्यावर नजर ठेवून होते.

पहिले काही दिवस तो विनोद सांगत होता, हसत होता. मग चिडू लागला. मग नसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागल्या. शेवटी तर तपासायला आलेला डॉक्टर हा आपल्याला पुरायला आलेला माणूस आहे, असा त्याचा समज झाला. एकूण २०१ तास, म्हणजे आठ दिवसांहून अधिक, तो जागा राहिला आणि मग सुमारे १३ तास झोपला. जाहिरात झाली खरी. पण जी जाहिरात जागण्याची व्हायची होती ती शेवटी झोपेचीच झाली. न झोपणारा माणूस शूर दिसत नाही, बिचारा दिसतो, हे साऱ्या शहराने काचेतून पाहिले.

आपल्या गावात काचेची खोली नाही. पण दोन रात्री उसाच्या गाडीवर काढलेला, किंवा आजारी बाळामुळे आठवडाभर न झोपलेला माणूस आपण रोज पाहतो. फरक इतकाच की त्याच्यावर नजर ठेवायला डॉक्टर नसतो.

३. आपले सात फलक

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पुढे सात फलकांच्या कल्पना दिल्या आहेत. चित्र साध्या रंगांत काढता येईल असेच घेतले आहे.

पहिला फलक: ढवळ्या आणि पवळ्या

चित्र: ट्रॅक्टरच्या चाकावर मान टाकून चालक घोरत आहे. ट्रॅक्टर सरळ खड्ड्याकडे निघाला आहे. कडेला दोन म्हातारे बैल रवंथ करीत उभे आहेत. एक बैल म्हणतो: “पवळ्या, आपला गाडीवान झोपायचा, तेव्हा आपण तरी जागे असायचो. या लोखंडी बैलाला डोळेच नाहीत रे!”

यामागील सत्य: बाजारहून परतताना गाडीवान गाडीतच निजे आणि बैल वाट न चुकता घरी आणीत, हे जुन्या लोकांनी पाहिले आहे. यंत्राला घर माहीत नसते. अतिशय झोप आलेल्या माणसाचा मेंदू काही सेकंद आपोआप झोपी जातो. डोळे कधी उघडेच असतात, आणि आपण झोपलो होतो हे त्याला कळतही नाही. हिशेब करून पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर चार सेकंदांत सुमारे २२ मीटर, म्हणजे सत्तर फुटांहून अधिक जातो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार तेवढ्याच वेळात सुमारे ६७ मीटर जाते. इतके अंतर कोणी डोळे बांधून गाडी चालवतो म्हणाला तर त्याला आपण वेड्यात काढू.

दुसरा फलक: मी एक थेंबही घेतलेला नाही!

चित्र: एक मनुष्य झोकांड्या खात चालला आहे. दोन्ही बाजूंचे लोक नाक मुरडत आहेत. तो छातीवर हात ठेवून म्हणतो: “शपथेवर सांगतो, एक थेंबही घेतलेला नाही. फक्त काल रात्री झोप घेतलेली नाही!”

यामागील सत्य: १९९७ साली ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी ४० जणांना २८ तास जागे ठेवून त्यांच्या हाताचे व डोळ्यांचे काम किती बिघडते ते मोजले. निराळ्या वेळी त्याच लोकांना दारू देऊन तेच काम करायला लावले. सतत १७ तास जागलेल्या माणसाचे काम, रक्तात १०० मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके बिघडलेले आढळले. चोवीस तास जागल्यावर ते सुमारे दुप्पट दारू घेतल्यासारखे झाले. आपल्या देशाच्या कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. आता शेतकऱ्याचा दिवस मोजा. पहाटे पाचला धार काढायला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री दहा वाजता पुरे होतात. आणि कारखान्याच्या रांगेत गाडी लावायला तो निघतो त्याच सुमारास!

तिसरा फलक: पाणी शेजाऱ्याला

चित्र: बांधावर टॉवेल अंथरून मालक गाढ झोपला आहे. पाट फुटून सारे पाणी शेजारच्या शेतात चालले आहे. शेजारी हळूच त्याच्या अंगावर घोंगडी घालत म्हणतो: “निजा, निजा, अण्णा! तुमच्या झोपेनेच माझा ऊस वाढतो आहे.”

यामागील सत्य: आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. सूर्याच्या उजेडावर ते रोज लावले जाते. या घड्याळाचे काम पेशींत कसे चालते हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाप्रमाणे पहाटे दोन ते सहा ही सर्वांत जड वेळ, आणि दुपारी जेवणानंतर दुसरी. नेमकी पहाटेच्या त्या वेळी पाटावर बसून दारे मोडायची असतील तर डोळा लागणे हा आळस नव्हे, शरीराचा नियम आहे. नुकसान पाण्याचेच होते असे नाही. अर्धवट झोपेत माणूस बॅटरी न लावता चालतो, बूट न घालता गवतात शिरतो, ओल्या हाताने मोटारीचे बटण दाबतो.

चौथा फलक: म्हैस गरीब, मालक मारका

चित्र: म्हैस शांतपणे उभी आहे. मालक बादली आपटतो आहे, मुलगा खांबाआड लपला आहे, बायको दारातून डोकावते आहे. म्हशीच्या गळ्यात पाटी: ‘मी मारकी नाही. सांभाळून राहायचे ते यांच्यापासून. रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहत होते.’

यामागील सत्य: मेंदूत भीती आणि राग यांना जागे करणारा बदामाच्या आकाराचा एक लहान भाग आहे. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात, एक रात्र न झोपलेल्या लोकांना त्रासदायक चित्रे दाखवली असता हा भाग झोपलेल्या लोकांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक चाळवला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागील भागाशी त्याचा संबंधही ढिला पडलेला दिसला. म्हणजे वेसणही सुटली आणि बैलही उधळला. घरातील कितीतरी भांडणे वास्तविक भांडणे नसतात. ती न घेतलेली झोप असते.

पाचवा फलक: खास सवलत!

हा फलक दुकानाच्या जाहिरातीसारखा रंगवावा: ‘आनंदाची बातमी! झोपेत कपात करा आणि भरघोस भेटी मिळवा. रोज दोन तास झोप कमी करणाऱ्यास जादा भूक मोफत! सोबत सर्दी मोफत! पहिल्या शंभर गिऱ्हाइकांस चिडचिड घरपोच! घेतलेला माल परत घेतला जाणार नाही.’

यामागील सत्य: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले. दोन रात्री दहा तास दिले होते त्यापेक्षा पोट भरल्याची जाणीव देणारा रस त्यांच्या रक्तात १८ टक्के घटला आणि भूक लावणारा रस २८ टक्के वाढला. त्यांना गोड आणि खारट खाण्याची इच्छा अधिक झाली. २००९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात १५३ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना, आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांपेक्षा, सर्दी होण्याचा संभव जवळजवळ तिप्पट आढळला. झोप वाचवून आपण वेळ कमावतो असे वाटते. तो वेळ मग दवाखान्याच्या बाकावर खर्च होतो.

सहावा फलक: गळकी घागर

चित्र: परीक्षेचा विद्यार्थी पुस्तकांच्या विहिरीवर उभा राहून रात्रभर घागर भरतो आहे. घागरीच्या बुडाला भोक आहे. खाली लिहावे: ‘रात्रभर भरली, पेपराला रिकामी!’

यामागील सत्य: दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. १९२४ सालीच जेन्किन्स आणि डॅलेनबाख या दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवले की, पाठ केल्यावर झोपलेल्या माणसाला तितकाच वेळ जागे राहिलेल्या माणसापेक्षा अधिक आठवते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. मोठ्या माणसाला निदान ७ तास. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला ‘आणखी थोडे वाच’ म्हणणाऱ्या आईबापांनी घागरीचे बूड आधी पाहावे.

सातवा फलक: निद्रा सावकार

चित्र: पेढीवर गलेलठ्ठ सावकार बसला आहे. मागे पाटी: ‘येथे झोप उसनी मिळते. लिहून द्यावे लागत नाही. वसुली अंगावरून केली जाईल.’ समोर डोळ्यांखाली काळी वर्तुळे असलेले कर्जदार रांगेत उभे आहेत. एकाच्या हातात चहाचा पेला आहे आणि तो म्हणतो: “व्याज म्हणून चहा चालेल का?”

यामागील सत्य: आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत एक द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढवते. झोपल्यावर ते उतरते. चहा-कॉफीतील कॅफीन त्या द्रव्याला काही वेळ आपले काम करू देत नाही. पण त्याचा साठा कमी करीत नाही. सावकाराला दाराआड बसवून ठेवल्याने कर्ज फिटत नाही, तसेच हे आहे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना सलग १४ रात्री सहा-सहा तासच झोपू दिले. सहा तास म्हणजे पुष्कळांना भरपूर वाटतात. पण दोन आठवड्यांनी त्यांच्या लक्ष देण्याच्या शक्तीत एक-दोन रात्री मुळीच न झोपल्याइतकी घट दिसली. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, त्यांना स्वतःला मात्र ‘फार काही झोप येत नाही’ असेच वाटत होते. या सावकाराची वही ऋणकोला दिसत नाही, हाच त्यातला धोका.

४. फलक करताना पाळायचे नियम

(अ) एका फलकावर एकच गोष्ट असावी. सात सत्ये एका पाटीवर लिहिली तर एकही लक्षात राहत नाही. रस्त्यावरची पाटी चालत्या गाडीतून तीन-चार सेकंदांत वाचून झाली पाहिजे. म्हणून शब्द आठ-दहाच्या वर नकोत. मोठा मजकूर चहाच्या दुकानात किंवा दूध डेअरीत लावावा, कारण तेथे माणूस थांबलेला असतो.

(आ) फलक जेथे प्रसंग घडतो तेथेच लावावा. निद्रा सावकार चहाच्या टपरीवर शोभेल, मारका मालक डेअरीत, ढवळ्या-पवळ्या कारखान्याच्या वाटेवर, गळकी घागर शाळेत. घाटाच्या वळणावर मात्र कोणताही फलक लावू नये. तेथे चालकाचे डोळे रस्त्यावरच हवेत.

(इ) हसल्यानंतर करण्याजोगे एक काम सांगावे. ढवळ्या-पवळ्याच्या खाली लहान अक्षरांत लिहावे: ‘पेंग आली? गाडी बाजूला घ्या. वीस मिनिटे निजा.’ नुसते हसून माणूस पुढे गेला तर तो तमाशा झाला, शिकवण नव्हे.

(ई) विनोद झोपेच्या उणिवेवर करावा, माणसावर नव्हे. येथे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील युतुखाची गोष्ट आठवावी. त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. माडीवर पुष्कळ दिवे होते. युतुख हा तरुण खिडकीत बसला होता; त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल स्वतः खाली गेला, त्याला कवटाळले आणि त्याच्यात प्राण आहे असे लोकांना सांगितले. त्या तरुणाला कोणी आळशी म्हटले, दटावले, असे तेथे लिहिलेले नाही. आपणही झोपलेल्याला हसण्यापूर्वी तो खिडकीत का बसला होता, दिवसभर कोठे राबला होता, हे विचारावे.

(उ) ज्या गावात नुकताच अपघात होऊन कोणी दगावले असेल तेथे काही महिने चालकाचा फलक लावू नये. जखमेवर हसू शोभत नाही. तसेच एखाद्याचे घोरणे, वय किंवा आजार ओळखू येईल असे चित्र काढू नये.

५. फलकाने न सुटणारे प्रश्न

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. मोबाईल पाहत जागणारा आणि रात्रपाळीच्या विजेसाठी जागणारा, हे दोघे सारखे नाहीत. पहिल्याला फलक पुरे आहे. दुसऱ्याला फलक दाखवणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचे फायदे सांगणे होय. अनेक ठिकाणी शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्री वीज आली तर उठावेच लागते. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे काळोखात फडात शिरतात. त्यांनी मजुरीसाठी झोप विकलेली असते. तान्ह्या बाळाची आई तर कोणाकडे तक्रारही करीत नाही.

अशा वेळी गावाने एकत्र येऊन काही करता येते. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. एक जागा राहील तेव्हा चौघे झोपतील. पाळी संपवून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडबा कुट्टीचे यंत्र, मळणी यंत्र आणि औषध फवारणी यांपासून दूर ठेवावे. रात्रीच्या ट्रॉलीवर दोन माणसे पाठवावीत. दुसरा जागवायला नव्हे, तर चालवायला येत असला पाहिजे. ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी. आपला चालक जागा असला तरी मागून येणारा जागा असेलच असे नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून पंचायतीमार्फत अर्ज करावेत, सौर पंपांच्या सरकारी योजनांची चौकशी करावी. आणि घरात बाळ असेल तर सासूने, नणंदेने, हो, बाळाच्या बापानेही, एक रात्र आड त्याला खांद्यावर घ्यावे. आईची सलग पाच तासांची झोप ही औषधाच्या बाटलीपेक्षा मोलाची आहे.

६. घरोघरी काय करावे?

१) उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. शरीराचे घड्याळ याच किल्लीवर चालते.

२) दुपारी चारनंतर चहा-कॉफी कमी करावी. घेतलेल्या कॅफीनपैकी सुमारे अर्धे पाच तासांनंतरही अंगात शिल्लक असते.

३) निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ पुरते.

४) झोपेसाठी दारू घेऊ नये. ती लवकर गुंगी आणते, पण पुढची झोप तुटक करते.

५) वाहन चालवताना पेंग आली तर खिडकी उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांवर विसंबू नये. त्यांचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून आधी पेलाभर चहा घ्यावा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे निजावे. चहाचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो. तोवर डुलकीही पुरी होते. उठल्यावर थोडे चालून मगच गाडी सुरू करावी.

६) पुरेसा वेळ झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकतो असे घरच्यांनी पाहिले असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोपच लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तो विनोदाचा विषय नाही, आजार असू शकतो आणि त्याला उपाय आहेत.

शेवटी एक फलक आणखी. हा जाहीर नोटिशीसारखा लिहून दूध डेअरीत, पंचायतीत आणि आपल्या सूचनाफलकावर लावण्याजोगा आहे:

‘हरवली आहे! रोज रात्रीची दोन तास झोप. शेवटची दिसली तेव्हा मोबाईलच्या उजेडात उभी होती. रंग काळा, स्वभाव शांत. कोणास सापडल्यास मालकाच्या उशीखाली ठेवावी. आणून देणाऱ्यास सकाळी हसरा नवरा, शांत बायको, अभ्यास आठवणारा मुलगा आणि सुखरूप घरी आलेला चालक, असे चार इनाम मिळतील.’

चौथे इनाम मिळाले तर बाकीची तीन नाही मिळाली तरी चालतील.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावात रात्री कामामुळे जागावे लागणारी माणसे कोण कोण आहेत? त्यांची यादी करा.

२) त्यांपैकी कोणाची पाळी आपल्याला वाटून घेता येईल?

३) वरील सात फलकांपैकी आपल्या गावाला सर्वांत अधिक गरज कोणत्या फलकाची आहे, आणि तो कोठे लावावा?

४) तुम्ही स्वतः गेल्या सात रात्री किती तास झोपलात? कागदावर लिहा, बेरीज करा आणि सातने भागा. उत्तर सातापेक्षा कमी आले, तर निद्रा सावकाराच्या वहीत आपलेही नाव आहे असे समजावे.